नेटची पंगत

२ फेब्रुवारी
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. हळद शिजवणं चालू आहे, पिवळ्या हातांनी पेन धरवत नाही. पोरगा शिवशंकर, त्याचा पोलंडहून दिवाळीपासून फोन नाही. कारण नेट. दिवाळीला मी विचारलं, कधी येतोस? पोराचा चेहरा पडद्यावर तिथंच थांबला. मग कट. छतावरची नेटची छत्री कमजोर आहे.

४ फेब्रुवारी
डोंगरकडा गावचा नेटवाला संतोष येऊन गेला. म्हणाला, काका, छत्री बराबर हाय, तुमी सगळे एकाच टायमाला नेट ओढून राहिले. राऊटरमध्ये प्रायोरिटी लावा. ज्याचा फोन वर, त्याला नेट आधी. लावून देऊ का?
नको म्हणालो. मी सातवी पास आहे. आणि लग्नात पंगती बसवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

५ फेब्रुवारी, दुपार
यादी लावली. पहिला विश्वंभरदादा. थोरला भाऊ, शेजारीच राहतो, नेट आपलंच वापरतो. दुसरा मी. तिसरा टीव्ही, पाहुण्यांपुढे अडकला तर शोभत नाही. बायकोचा, द्वारकाबाईचा फोन शेवटी. घरच्या बायका शेवटच्या पंगतीला, यात नवीन काय? ती म्हणाली, तवर भांड्यात काई उरतं का? तिला सांगितलं, हे टेक्निकल आहे.
आता फोन येणारच.

९ फेब्रुवारी
आला नाही. दादाच्या फोनवर कीर्तन मात्र दिवसभर अखंड. दादाला खाली घेतलं, मी वर. त्याला कळलंच. दारात येऊन म्हणाला, आरं, वाढलेल्या ताटावरून उठवतंस व्हय? रुसून गेला. समजूत काढावी लागणार. सगळी तकलीफ माझ्याच डोक्याला.

१० फेब्रुवारी
संकल्प: अर्धवट काही ठेवायचं नाही. दुपारभर प्रायोरिटी लावण्याचे व्हिडिओ पाहिले. एकदाही अडकले नाहीत. म्हणजे सेटिंग जमली.

११ फेब्रुवारी
द्वारकाबाई वाळत घातलेल्या हळदीजवळ बसून रडत होती. काय झालं विचारलं. आधी बोलेना. मग म्हणाली, शिवशंकर दिवाळीपासून दुपारचा तिलाच फोन करतो. त्याची नोकरी गेली. बाबांना सांगू नको म्हणाला. ते कधी येतो तेवढंच विचारतात, रिकाम्या हातानं कसा येऊ? या हप्त्यात फोन सारखा तुटत होता. काल दुपारी लेकरू रडून राहिलं होतं. आई, मी आता, एवढं बोललं अन् फोन नुसता गोल गोल फिरला. तवापासून लागतच न्हाई.
मी म्हणालो, तिकडचं नेट खराब असेल.
ती म्हणाली, तिकडचं काहून? काल दुपारी तुमी काय बघून राहिले होते?
मी उठलो. हळद उलटवायची होती.

१२ फेब्रुवारी
संतोषला बोलावून द्वारकाबाईचा फोन सगळ्यात वर घेतला. माझा राऊटरमधून काढूनच टाकला. दादानं कीर्तन बंद केलं, न बोलावता येऊन बसला. तो म्हणाला, झोपलं असंल पोरगं. टीव्ही बंद. सगळं नेट एकट्या तिच्या फोनला. फोन तिच्या मांडीवर, आम्ही तिघं त्याच्याकडे बघत. पोलंडचा नंबर अजून बंदच.
शिवशंकर, मी काही विचारणार नाही. ये, नाहीतर नको येऊ. बरा आहेस, आईला तेवढं लवकर कळव.