जावयाने फोडलेला बर्फ

३ मार्च, सकाळी ७.४०
फ्रिजखाली पुन्हा पाणी. आई घसरता घसरता वाचली. फ्रीझरच्या तळाशी बोटभर जाड बर्फ. ही म्हणाली, बाबांना बोलावू. बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करून निवृत्त झालेत. ठणकावून सांगितलं, एवढ्याशा कामाला सासरा लागत नाही.

३ मार्च, संध्याकाळ
तीन व्हिडिओ बघितले. वितळलेलं पाणी जायला फ्रीझरमध्ये मागे एक भोक असतं. ते बर्फाने तुंबलंय. निदान पक्कं. म्हणजे अर्धं काम झालं.

५ मार्च
भोक सापडत नाही. बर्फाखाली असणार. म्हणजे निदान बरोबरच.

६ मार्च
सासरे 'सहज' आले. हिने फोन केल्याशिवाय त्यांना सहज काही सुचत नाही. म्हणाले, फ्रिज बंद करून दिवसभर दार उघडं टाका, मग भोकात कोमट पाणी सोडा. टोकदार काही लावू नका. दिवसभर वाटच बघायची तर कारागिरी कसली?

७ मार्च, सकाळी ९
ऑफिसला दांडी. मागचं कव्हर काढलं. हिचा हेअर ड्रायर लावला. ही ओरडली, आईंचं इन्सुलिन आत आहे. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

९.५०
ड्रायर जळला. हलका माल.

१०.०५
स्क्रूड्रायव्हर. काय टवके उडतायत! सासऱ्यांनी बघायला हवं होतं.

१०.१२
सुस्स् असा आवाज. बर्फात अडकलेली हवा असावी.

१०.२०
आवाज आपोआप थांबला. भोक सापडलं! पाणी सरळ खाली गेलं. फत्ते!!

दुपारी ४
फ्रिज घरघरतोय, पण गार होत नाही. बर्फ मात्र कणभरही नाही. आणि तक्रार बर्फाचीच होती.

८ मार्च
दूध नासलं. सासरे आले, आतल्या नळीवर बोट फिरवलं आणि विचारलं, जावईबापू, एक भोक होतंच की, दुसरं कशाला पाडलंत? गॅस गेला म्हणे. हसले नाहीत. तेच जास्त झोंबलं. आई नव्या इन्सुलिनसकट त्यांच्याकडे राहायला गेली. जाताना त्यांना म्हणाली, लहानपणापासून असाच आहे. हीपण सोबतीला गेली. मी त्या घराची पायरी चढणार नाही. माणसाला कणा हवा.

९ मार्च, संध्याकाळी ७
जावं लागणार. सासऱ्यांसाठी नव्हे. आईला रोज इंजेक्शन मीच देतो. काल एक दिवस हिने निभावलं, पण आईला माझ्याच हाताची सवय. हे काम कुणा मेकॅनिकचं नाही.

९ मार्च, ८.१५
पोचलो तर सासऱ्यांनी देऊनही झालं होतं. आई म्हणाली, अरे, सुई कळलीसुद्धा नाही. मी पाणी मागितलं. गार होतं. दोन ग्लास प्यायलो.