कावळा शिवला, असं मी सांगितलं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. अक्षराशी माझं तुमच्याइतकंच वैर, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मधेच हसते. हस म्हटलं, पण सासू-सुनेतलं काही गाळू नकोस.

मानमोडीच्या साथीत धाकटे भावजी तिसऱ्या दिवशी गेले. दहाव्याला नदीवर गेलो, तर चार गावांचे पिंड ओळीनं मांडलेले. कावळे खाऊन सुस्त, झाडावर बसलेले. तुम्ही हात जोडून एकेक कबूल करताय, "तुझा बैल इकनार न्हाई. पुतन्याला शाळंत घालीन." एकही कावळा हलत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आलो. तुम्ही तेवढ्या तिथंच राहिलात. तो घाट आता भाटघरच्या नव्या धरणाखाली गेला, तरी मला तुम्ही तिथंच दिसता. मग तीन वर्षं रोज दुपारी परसात भाताचा गोळा ठेवून विचारायचात, "आज काय कबूल करू रं?" मी म्हणायची, "आता घर तेवढं द्यायचं ऱ्हायलं." तुम्ही म्हणायचात, "तुलाच देते त्याला. जाशील?"

अशात भोरहून एक डाक्तर चोपडी घेऊन आले. साथीनंतर कुणाची झोप उडाली, कुणाचं मन अजून ठिकाणावर नाही, हे घरोघर विचारत होते. नाव लिहिलं की पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतात, अशी आळीत बोलवा. मी दारातच सांगितलं, "आमच्यात समदी धड हायती." ते सरळ परसात जाऊन तुमच्याशेजारी बसले. तुम्ही त्यांच्याशी तासभर बोललात, माझ्याशी वर्षात बोलल्या नसाल इतकं. "त्यानं पानी मागितलं, म्या दिलं न्हाई. तापात देऊ ने म्हनत्यात." जाताना ते मला म्हणाले, "मी कुणाला न्यायला आलो नाही. यांना बोलू द्या. महिन्यानं येतो."

मला भरवसा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी तुमची पाठ वळताच मी गोळा विस्कटला, निम्मा कोंबड्यांना टाकला आणि हाक मारली, "आत्याबाई, शिवला बगा."

तुम्ही शितांकडं बघत उभ्या. "तू काय कबूल केलंस?"

मी म्हणाले, "काईच न्हाई. आपला आला."

"मंग त्याला माज्याकडनं काय बी नको हुतं," म्हणालात, आणि आत गेलात. पुन्हा परसात आला नाहीत, बोललाही नाहीत.

डाक्तर आले तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून होता. मी म्हणाले, "बऱ्या झाल्या. कावळ्याचं खूळ सुटलं." त्यांनी तसं लिहून घेतलं. थंडीत तुम्ही गेलात. त्यांच्या चोपडीत मात्र बऱ्या आहात.

उठताना त्यांनी विचारलं होतं, "आणि बाई, तुमचं कोण गेलं?" माझी चार महिन्यांची लेक, भावजींच्या आदल्या दिवशी. दात न आलेलं मूल पुरतात. त्याला पिंड नाही, दहावा नाही. मी म्हणाले, "कुनी न्हाई."

नात विचारते, पत्र कुठं टाकायचं. कुठंच नाही. एवढं लिही म्हटलं की इस्पितळाची भीती होती, पण निम्मीच. तुम्हाला रोज कुणाची तरी वाट बघायला मिळत होती, ते मला बघवत नव्हतं.