डोक्याकडची बाजू

४ ऑगस्ट, सोमवार
सोमेशशेठनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे वडील आधी चहा विचारायचे, हे आधी लॅपटॉप उघडतात. म्हणाले, बिभीषणकाका, सव्वीस वर्षं तेच मोर आणि तीच कमळं चाललीत. दसऱ्यापर्यंत चादरीचं एक नवीन डिझाईन द्या, नाहीतर तुमचं टेबल बंद. डिझाईन बाहेरून मागवू, तुम्ही पॅकिंगला बसा. मी हसून बरं म्हटलं. ग्राफ पेपरवर हाताने चादर काढणारा अख्ख्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी एकटा उरलोय, आणि मला पॅकिंगला बसवणार म्हणे!

५ ऑगस्ट
‘सृजनशीलता’ या विषयावर व्याख्यान ऐकलं. वक्ते पुण्याचे. चांगली कल्पना चार पायऱ्यांनी येते: गोळा करणे, मुरवणे, साक्षात्कार, तपासणी. आणि पहिली सुचलेली कल्पना नेहमी टाकून द्यावी. पटलं. येताना जाड पुठ्ठ्याची वही आणली. तिच्यात फक्त उत्तम कल्पना. बाकी फालतू सगळं या रोजनिशीत.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
गोळा करायला बसलो, तर रुक्मिणी शिलाईच्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन शेजारी. म्हणाली, अवो, चादरीची डोक्याकडची बाजू कुटली आन् पायाकडची कुटली त्ये कळंल असं कायतरी करा की. पायाकडची तोंडावर येती. एका टोकाला निस्ता लाल पट्टा टाकला तरी बास. दोन्ही टोकं सारखी असणं हा चादरीच्या कलेचा पाया आहे, हे बायकोला समजावण्यात अर्धा तास गेला. ही कल्पना नव्हे, तक्रार आहे. शिवाय पहिलीच. टाकून दिली. व्यत्यय पहिला.

१४ ऑगस्ट
मुरवणे चालू. दुपारी दीड तास मुरवलं. उठलो तर चहा गार. रुक्मिणी म्हणाली, भिजल्याली चादर एकट्या बाईला पिळत न्हाय, म्हातारीनं काय करायचं? जरा हलकी काढा की. वजन हीच सोलापूरची शान आहे, हे तिच्या गावीही नाही. माहेर करमाळ्याचं, दुसरं काय. व्यत्यय दुसरा. वही कोरी आहे. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२२ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
साक्षात्कार! (पाचला उठणं जमलं नाही, पण साक्षात्काराला वेळेचं बंधन नसतं.) सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभा होतो. देऊळ आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब, अख्ख्या चादरभर, नऊ रंगांत! वहीचं पहिलं पान शाईच्या पेनाने भरलं. रुक्मिणीला दाखवलं. म्हणाली, लई झ्याक हाय, पर पांघरणाऱ्याचा पाय देवळावर पडंल की. सृजनाच्या क्षणी असं बोलणाऱ्या बाईला काय म्हणावं? व्यत्यय तिसरा.

१ सप्टेंबर
नऊ रंग मागाला झेपेनात. तीनवर आलो. मायाप्पा आमचा सगळ्यात जुना विणकर. नमुना बघून म्हणाला, सायेब, ह्ये पाण्यातलं देऊळ न्हाय, बुडल्यालं देऊळ दिसतंय. त्याला मोतीबिंदू आहे. असणारच.

५ सप्टेंबर
हैदराबादचे एक व्यापारी आले होते. केबिनमध्ये शेठ, मायाप्पा, मी. बुडालेला नमुना व्यापाऱ्यांनी बघून बाजूला ठेवला. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, आमच्या मंडळींना चादरीत स्वतःचं डोकं सापडत नाही, म्हणून त्यांना एका टोकाला लाल पट्टा हवाय! शेठ हसले, मायाप्पा हसला. व्यापारी हसले नाहीत. कुठल्या टोकाला, किती रुंद, असं दोनदा विचारलं. त्यांना मराठी विनोद उशिरा कळत असावा.
घरी येऊन रुक्मिणीला सांगितलं, तुझ्या पट्ट्यावर आज केबिन हसली. तिने भाकरी उलटली. म्हणाली, बरं झालं.

१४ सप्टेंबर, रविवार
बाबांचा महाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. ट्रंकेतली त्यांची चादर रुक्मिणीने उन्हात टाकली. बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणात होते. साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती, आणि पू लागलेली बाजू चुकून तोंडावर यायची. रुक्मिणीने आपल्या लाल लुगड्याचा पट्टा फाडून डोक्याकडे शिवला. त्या टोकाचा माझा मोर अर्धा झाकला म्हणून मी तेव्हा तिच्यावर केवढा ओरडलो होतो. बाबा म्हणायचे, ऱ्हाऊ दे, मला त्येवढंच दिसतंय.  तरी मोर झाकायला नको होता, हे माझं मत कायम.

१९ सप्टेंबर
गेले दोन आठवडे घरात एकही व्यत्यय नाही. रुक्मिणी शिलाई करते, जेवायला वाढते, बस्स. अशी शांतता कलावंताला क्वचित मिळते. कामाला लागायला हवं.

२७ सप्टेंबर
तपासणी. शेठना देवळाचा सुधारित नमुना दाखवला, दोन रंगांत. त्यांनी मान हलवली. आडवी. म्हणाले, काका, दसऱ्याला पाच दिवस आहेत. मी म्हटलं, पाच दिवसांत साक्षात्कार पाचदा होऊ शकतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सगळ्यांनी आपापल्या मागाला हळदकुंकू वाहिलं. मी टेबलाला, पट्टीला, पेन्सिलीला झेंडू घातला. पूजा झाल्यावर शेठ हळूच म्हणाले, काका, उद्या सण, परवापासून पॅकिंगला या. टेबल हलवतो. चिडले असते तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर
पॅकिंग. तात्पुरतं आहे. हात कामात असले की डोकं मोकळं राहतं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
बाजारात गेलो होतो दोघं. दुकानात दर्शनी भागात नवी चादर टांगलेली. साधी, पांढरी, हलकी. एका टोकाला लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, हैदराबादच्या पार्टीचा माल आहे, ही डोक्याकडची बाजू. आजारी माणूस असलेल्या घरातून फार मागणी, पुरवठा पुरत नाही. मी म्हणणार होतो की ही कल्पना मूळची आमची. ‘आमची’ हा शब्द तोंडातून निघाला नाही. रुक्मिणीने पट्ट्यावरून हात फिरवला. म्हणाली, चांगली झालीया की. आणि पुढच्या दुकानात पणत्या बघायला गेली. 

२६ ऑक्टोबर
ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली. जाड वहीत एक बुडालेलं देऊळ. कामाचं जे काही होतं ते इथे, ‘व्यत्यय’ म्हणून. तेही तीनच. पाच सप्टेंबरनंतर एकही नाही. आणि त्याला मी शांतता म्हटलं होतं. स्वतःची फार लाज वाटली.
जेवताना रुक्मिणीला विचारलं, चादरीबद्दल आणखी काही सुचतं का तुला? काहीही सांग. मी लिहून घेतो.
तिने भाताचं पातेलं पुढे ओढलं. म्हणाली, आता न्हाय काय सुचत. मग विचारलं, भात वाढू का?
वाढ म्हटलं.