मोहरीची उशी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तुझ्या लाडक्याला मुलगा झालाय. बाळाचं डोकं मागून गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवायचं काम वहिनीने माझ्याच गळ्यात घातलं. शिवली. टाके घालताना तुझाच राग येत होता.

भावाच्या वेळची उशी मला आठवते. मी सात-आठ वर्षांची असेन. तू खाटेवर, आणि त्याची कूस बदलायला सारखी मला हाक. माझं डोकं मागून पाटासारखं सपाट का, असं मी विचारलं. त्याच्या टाळूवर तेल घालता घालता तू म्हणालीस, "तू झालीस तवा वाडीत मोगरा काढायला कोन होता? पडून असायचीस खाटेवर. पोरीचा डोका काय, केसांत झाकते." वर हसलीसही.

झाकलं नाही. विरारचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईने केस बघायला मला पाठमोरं उभं केलं. तू आत गंगावन खुपसून अंबाडा फुगवला होतास, त्यावर आपल्या वाडीतल्या मोगऱ्याची वेणी. बाईंनी सहज चाचपल्यासारखं केलं आणि त्यांना कळायचं ते कळलं. नकार आला, तर तू मलाच बोललीस, नीट उभी राहिली नाहीस म्हणून. त्यानंतर मी कुणासमोर उभीच राहिले नाही.

पुढे एव्हरशाईन सिटीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागले. कवट्या बाजूने दिसतात. मागचं हाड कुणाचं गोल, कुणाचं चपटं. डॉक्टर एकदा म्हणाले, बघतात डोळे, पण दिसतं ते या हाडाच्या आत, मेंदूच्या मागच्या टोकाला. हाड चपटं असलं म्हणून तिथे काही बिघडत नाही. माझंही बिघडलं नव्हतं. आपल्या घरात कुणाच्या ताटात काय पडायचं, ते मला चांगलं दिसत होतं.

तू गेलीस तेव्हा शेवटच्या आंघोळीला बायकांनी तुझा अंबाडा सोडला. डोकं सावरायला मी मागून हात लावला, तर तळहात सपाट टेकला. अगदी माझ्यासारखं. म्हणजे तुझ्यासाठीही कुणी उशी शिवली नव्हती. सगळं सोसून, सगळं ठाऊक असून तू मला तसंच पडू दिलंस, हा राग काही केल्या जात नाही.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. एवढंच सांगते, आंघोळ उरकून बायका लुगडं आणायला आत गेल्या, तरी मी हात काढला नव्हता.