पाणी तयार होईपर्यंत

७ सप्टेंबर, रविवार
माशांची काचेची टाकी आली. सहा फूट लांब, सातशे लिटर. चार माणसांनी उचलली. पाचवा मी, सूचना द्यायला. सोफा गॅलरीत गेला. नीलाने विचारलं, आता आपण बसायचं कुठे? म्हटलं, टाकीसमोर उभं राहायचं. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला माझा एकही विनोद कळलेला नाही.

हे सगळं आल्हादसाठी. गेल्या दिवाळीपासून चिरंजीवांचा मुक्काम मानकोलीला, गोडाऊनजवळच्या खोलीत. घरी येणं जमत नाही. शिफ्ट, ड्युटी. मानकोली काही जवळ नाही. त्या माशाच्या प्रकरणाचा याच्याशी संबंध नाही, हे मी नीलाला अनेकदा सांगितलं आहे.

संकल्प: तीन आठवड्यांत मासे. दिवाळीला पोरगा घरी.

८ सप्टेंबर
तौहीदच्या दुकानात गेलो. आल्हादचा शाळेतला दोस्त, मासे विकतो. म्हणाला, काका, अभी मछली नको. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते खाणारे बॅक्टेरिया आधी धरू द्या. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं. छे हफ्ते. म्हटलं, न दिसणाऱ्या जनावरांना जेवू घालू? म्हणाला, हां काका, सबर.

तीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो. मला सबर शिकवतो!

पाणी तपासायची बाटली घेतली. थेंब टाकल्यावर पिवळं दिसलं तर ठीक, हिरवं दिसलं तर विष.

१३ सप्टेंबर, शनिवार
हिरवंगार. सहा आठवडे वाट बघणं हे अडाण्यांचं काम. बॅक्टेरिया म्हणजे शेवटी काय? दही. विरजण लावलं की सकाळपर्यंत घट्ट. नीला भाजी आणायला गेली तेवढ्यात दोन वाट्या दही टाकीत.

१४ सप्टेंबर
टाकी पांढरी. वास. नीला म्हणाली, मठ्ठा छान झालाय, मिरची-कोथिंबीर वाटून देऊ का. सातशे लिटर उपसले. आमच्याकडे टेमघरला पाणी एक दिवसाआड, म्हणून शेजारच्या गुलाम हुसेनभाईंच्या टाकीतून पाइप घेतला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, प्रयोग. कंबर गेली.

तौहीदला सांगायचं नाही असं ठरवलं. नीलाने सांगितलं.

१६ सप्टेंबर
तौहीद स्वतः आला. त्याच्या दुकानातल्या जुन्या टाकीचा स्पंज घेऊन. तपकिरी, बुळबुळीत, ईऽऽ. म्हणाला, काका, ये असली विरजण. फक्त नळाखाली धुवू नका, त्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, सगळे मरतील. नाक धरून फिल्टरमध्ये बसवला.

जाताना म्हणाला, सरपंचचा स्पंज तुम्ही धुतला होता ना? म्हटलं, मी फक्त स्वच्छता केली होती.

२ ऑक्टोबर, दसरा
सरपंच म्हणजे आल्हादचा मासा. ऑस्कर जातीचा. बोटाएवढा आणला होता, सहा वर्षांत वीतभर झाला. आल्हादचा आवाज ऐकला की काचेशी यायचा. माझ्यासाठी कधी आला नाही. गेल्या दिवाळीत पोरगा ट्रेनिंगला पुण्याला होता आणि मी घर साफसफाईला काढलं होतं. टाकी, खडे, स्पंज, सगळं नळाखाली लख्ख केलं. चौथ्या दिवशी मासा उलटा. आल्हाद परतला, त्याने मासा रुमालात गुंडाळला आणि घेऊन गेला. मी म्हटलं, मासाच होता, दुसरा आणू. आठवड्याने बॅग भरली.

माशाचं वय झालं होतं. हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
पिवळं!! काल खाणं टाकलं, आज विष नाही. म्हणजे खाल्लं त्यांनी. वा रे वाघांनो. रोज दोन शब्द बोलतो त्यांच्याशी. जेवलात का, वगैरे. नीला दारात उभी होती. म्हणाली, पोराशी कधी असं बोलला असतात तर. पंपाचा आवाज फार येतो, नीट ऐकू आलं नाही.

१८ ऑक्टोबर
नीलाने फोन लावला, स्पीकरवर. आल्हाद परवा येतोय! मासे तोच आणणार. विचारलं, पाणी तयार आहे का. आईला पाण्यातलं काय कळतं? म्हणजे प्रश्न मलाच होता. वर्षभरात पहिला.

१९ ऑक्टोबर, रविवार
पंखे पुसले, जाळ्या काढल्या. मग फिल्टर उघडला. आत नुसता चिखल! पोरगं बघेल तर काय म्हणेल? बाबांना साधी टाकी स्वच्छ ठेवता येत नाही. तौहीद नको म्हणाला होता, पण त्याच्या दुकानाची अवस्था मी पाहिली आहे. आणि औषधाने कधी कोणी मरतं का? नळाखाली चार वेळा पिळला. पांढराशुभ्र.

सगळं तयार आहे.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
आला. बारीक झालाय. नीलाने उटणं लावलं, लावून घेतलं. चार ऑस्कर आणलेत, वीतभराचे. सोडले. म्हटलं, अख्खी ग्रामपंचायत आली की. हसला. माझ्या विनोदाला! मग म्हणाला, बाबा, तुम्ही खरंच सहा आठवडे थांबलात? म्हटलं, थांबलो. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याने. थोडा वेळच. भाऊबीजेपर्यंत राहतो म्हणाला.

माशांना आज दिवाळीचं म्हणून चौपट खाणं टाकलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळी चारही मासे वर, तोंडं उघडी. थेंब टाकले. हिरवं. आल्हादने फिल्टर उघडला. स्पंज हातात घेऊन नुसता बघत राहिला. विचारलं, कधी धुतलात? म्हटलं, तू येणार म्हणून.

त्याने स्पंज खाली ठेवला. मासे दोन बादल्यांत घातले, रिक्षाने तौहीदकडे नेले. एक वाटेतच गेला. बाकीचे वाचले म्हणे. तो तिथूनच मानकोलीला गेला. फराळाचा डबा टेबलावर राहिला. चकली त्याला आवडते.

खरंच तू येणार म्हणूनच धुतला रे.

सरपंचचं वय झालं नव्हतं. ऑस्कर बारा-बारा वर्षं जगतात. तौहीदने हे मला सप्टेंबरातच सांगितलं होतं, मी वहीत लिहिलं नाही.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी ९
पुन्हा सहा आठवडे झाले. या वेळी स्पंजला बोट लावलं नाही. पिवळं. तौहीद बघून गेला, म्हणाला, अब डालो काका. नीलाला म्हटलं, आल्हादला विचार, येतोस का मासे घेऊन. तिने स्पीकर लावला नाही. आत जाऊन बोलली, बाहेर आली, म्हणाली, ड्युटी आहे.

चिमूटभर खाणं टाकलं. आज त्यांच्याशी बोललो नाही.

मानकोलीला इथून रिक्षाने अर्धा तास लागतो.