पहिले चाक फिराव

आप्पा, आज बारडोलीच्या पलीकडे गवत कापायचं मशीन दुरुस्त करून आलोय. हाताचं ग्रीसही धुतलं नाही, आधी तुम्हाला सांगतोय. ते शेत तिच्या पप्पांचं. ती म्हणजे कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. मी कॉलेज मध्येच सोडून ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात लागलो, तिला सोडणं मात्र जमलं नाही. तिच्या पप्पांनी तिला ऐकवलंय, कॉलेज अर्ध्यात टाकणारा पोरगा उद्या घरही अर्ध्यात टाकेल. तेच पप्पा आज अडले होते. म्हशींसाठी गवत कापून वाळवायचं, ऊन चांगलं पडलेलं, आणि ट्रॅक्टरमागचं मशीन कापायचं सोडून गवत चावत होतं, ठकठक करत होतं. तिनंच माझं नाव पुढे केलं. म्हणजे आज काम अर्ध्यात सोडलं असतं तर सगळंच संपलं होतं.

आणि मी सोडणारच होतो. पट्टा ताणला, नट आवळले, दांडा खोलून परत बसवला, ठकठक तशीच. काका, म्हणजे तिचे पप्पा, डोक्यावर उभे. "पानुं बदलो ने, भाई." आमच्या वर्कशॉपात पानुं म्हणजे नट खोलायचा पाना. मी म्हटलं, नवुं छे, काका. ते म्हणाले, जूनुं छे, बदलो. माझ्या नव्याकोऱ्या पान्याला हा माणूस जुना म्हणतोय! डोकं फिरलं. पाना पेटीत आपटला, पेटी उचलून बाईकपाशी गेलो. बाईकची किल्ली काढायला खिशात हात घातला तर ट्रॅक्टरची चावी हाताला लागली.

ती खिशात टाकायची सवय तुमची, आप्पा. बमरोलीच्या कापड कारखान्यात लूम खोलायच्या आधी तुम्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवायचात. एकदा तसाच घेऊन नवागामला घरी आलात, शेठचा माणूस फ्यूज न्यायला थेट जेवणाच्या ताटापर्यंत आला, आई किती हसली होती. मी चौथीत आहे, बटनाकडे हात नेतो, तुम्ही फटका मारता. "पहिले चाक फिराव, मंग बटन दाब." मग चाकावर माझा हात, त्यावर तुमचा. लूम हळूहळू फिरते आणि जिथं अडते तिथं तुम्ही माझी बोटं दाबता.

परत गेलो. मशीनचं चाक हातानं फिरवलं. एका जागी अडलं. वाकून पाहिलं तर एका पात्याला धरणारं रिबीट ढिलं, पातं वर येऊन वरच्या लोखंडाला घासत होतं, धार पार गेलेली. "ए ज तो कहुं छुं," काका म्हणाले, "पानुं." ती बांधावर हसत खालीच बसली. "पाना नहीं रे, पप्पा ब्लेड बोल रहे हैं." जन्म सुरतेतला, आणि गुजरातीत पात्यालाही पानुंच म्हणतात हे मला आज कळलं. मी काकांकडं पाहिलं, ते हसत होते, मग मीही हसलो.

नवं पातं ठोकलं, परत हातानं एक फेरा, मग चावी. आप्पा, गवत असं सरळ आडवं पडत गेलं की जणू तुमच्या लूमवरून कापडच उतरतंय! काकांनी चहा पाजला, तिच्या हातून. म्हणाले, उरलेलं उद्या सकाळी लवकर कापू. निघण्याआधी पाती एकदा चाचपून बघावीत म्हणून मी ट्रॅक्टरची चावी काढली, खिशात टाकली.

ती चावी आत्ता माझ्यासमोर आहे. उजाडताच मला तिथं जावंच लागणार. आईला सांगितलं, आप्पांसारखंच झालं बघ, विसरलो. ती पुन्हा तशीच हसली. पण तुम्ही खरंच विसरला होतात. मी नाही.