तुझ्या हाडांत मी

मुलुंड, ३ डिसेंबर

दादा,

नमस्कार. थोरल्या भावाला लिहिताना आधी नमस्कार लिहायचा ही अण्णांची शिस्त, हात आपोआप वळला. तुझ्या जामिनाच्या अटीत तू माझ्याशी बोलायचं नाहीस. मी लिहू नये असं कुठे म्हटलेलं नाही.

घरी सगळे बरे. माझी मात्र वाट लागलीय. रोजच्या इंजेक्शनांनी हाडं आतून ठणकतात. डॉ. संघमित्रा म्हणतात, दुखणारच, बोनमॅरोत दडलेल्या मूळ पेशींना बाहेर रक्तात हाकलायचंय. उद्या मशीन त्या वेचून घेईल आणि तुझ्या शिरेत सोडतील. हाडांपर्यंतची वाट त्या आपली आपण शोधतात म्हणे. मग शरीराचा हुकूम येईल तशा कुणी तांबड्या होतात, कुणी पांढऱ्या, कुणी रक्त गोठवणाऱ्या. ब्लड कॅन्सरमुळे तुझ्या पेशी हुकूम ऐकेनाशा झाल्यात. नुसत्या वाढतात, शहाण्या होत नाहीत. मला हसूच आलं रे.

आई काल ओटी भरायला आली. 'भावाला जीवदान देतेस, माहेरची ओटी घे,' म्हणाली. कुंकवाची डबी उघडली आणि तिचा हात थांबला. विसरलीच होती. माझा नवरा आता नाही, तिच्याच लेकाने त्याला मारलंय.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहितेच.

माहुलच्या धक्क्यावर भर दुपारी लहू माझ्या शेजारी जाळं शिवत बसला होता. तू मागून आलास. लोखंडी गजाचा पहिला फटका मानेवर. तो वळून 'दादा' म्हणाला. 'कोळ्याने आमचं रक्त बाटवलं' असं ओरडत तू त्याचं तोंड फोडत राहिलास. त्याचा दात माझ्या पायाशी पडला. मी तुझ्या दंडाचा लचका तोडला, तरी तू थांबला नाहीस. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर मागून मऊ लागलं.

माझ्याच पेशी जुळतात म्हणून अण्णा गयावया करत आले. मी लगेच हो म्हटलं. का, माहितेय? आधी जालीम औषधांनी तुझा बोनमॅरो मारून टाकतात. त्यानंतर माझ्या पेशी मिळाल्या नाहीत तर माणूस उरत नाही. मी त्याचीच वाट बघत होते. काल ते काम झालं. आज सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर जाऊन मी रिक्षातसुद्धा बसले. गोराईला मैत्रिणीकडे, जानकीकडे, फोन बंद करून राहणार होते. तू आत सडला असतास आणि मला बोटही उचलावं लागलं नसतं. काय बरं वाटत होतं म्हणून सांगू!

मग डोक्यात आलं, आरोपी मेला की खटला बंद. सोसायटीत शोकसभा होईल, 'बिचारा देवव्रत, आजाराने गेला.' लहूला कुणी मारलं हे कुठलंच कोर्ट सांगणार नाही. मी उतरले.

आई सांगत सुटलीय, रेवूने माफ केलं. नाही केलं. पुढे तुझ्या अंगात फिरेल ते रक्त माझ्या पेशी बनवतील, गटसुद्धा माझाच होईल. माझ्या साक्षीची तारीख लागलीय. औषधं वेळेवर घे, पोटभर जेव, धडधाकट हो. आरोपीच्या पिंजऱ्यात तुला कुणी धरून उभं करायला नको.

खूप वर्षं जग.

फिर्यादी,
रेवती